भाकरीच्या मोबदल्यात श्रम

व्यापारी कुटुंबातील एखाद्या तरुणाने किंवा तरुणीने पदवीची परीक्षा संपताच घरात सांगावे की महिनाभर एका लहान शेतावर जाऊन राहायचे आहे, दिवसातील चार-पाच तास शेतकऱ्याला मदत करायची आहे आणि त्याच्याच घरी जेवायचे-राहायचे आहे. पैसे द्यायचे नाहीत आणि घ्यायचेही नाहीत. असा प्रस्ताव पुढे आला की प्रत्येकाच्या मनात वेगळा प्रश्न उभा राहतो. आजोबांना वाटते, ज्या शेतीचा माल तीन पिढ्यांनी मोंढ्यात तोलला, त्या शेतीत राबण्याची आज नातवाला काय गरज? आईला काळजी जेवणाची आणि सुरक्षिततेची. वडिलांचा प्रश्न रोखठोक असतो : फुकट राबायचे, तर मग शिक्षण कशासाठी घेतले? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. हसण्यावारी नेऊन किंवा नुसती परवानगी देऊन ते सुटत नाहीत. त्यांचा नीट विचार करावा लागतो.

या प्रथेचे आजचे जागतिक रूप फार जुने नाही. १९७१ मध्ये लंडनमधील स्यू कॉपर्ड या चिटणीस म्हणून काम करणाऱ्या महिलेला वाटले, की शहरातील माणसाला खेड्याशी नाते जोडायचे असेल तर त्यासाठी काही सोय असली पाहिजे. ससेक्स परगण्यातील एमर्सन कॉलेजच्या शेतावर काही जण शनिवार-रविवार कामासाठी गेले आणि तेथून ही चळवळ सुरू झाली. आज ‘वूफ’ या नावाने ती शंभराहून अधिक देशांत पोहोचली आहे आणि भारतातही तिची शाखा आहे. नियम साधा आहे. पाहुण्याने दिवसातील काही तास शेतकामात मदत करावी, यजमानाने भोजन व निवास द्यावा आणि आपली शेती शिकवावी. दोघांत पैशाचा व्यवहार नसतो. कृषी पर्यटनापासून ही गोष्ट वेगळी आहे. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण स्वीकारले. त्यात पाहुणा पैसे देतो आणि विश्रांती घेतो. शेतमजूर काम करतो आणि मजुरी घेतो. येथे मात्र पाहुणा ना पैसे देतो, ना मजुरी घेतो.

परभणी जिल्ह्याच्या दृष्टीने पाहिले तर या व्यवहारात नवे असे फारसे काही नाही. पोटाला अन्न आणि डोक्यावर छप्पर यांच्या मोबदल्यात श्रम, हा व्यवहार मराठवाड्याने तीन रूपांत अनुभवला आहे आणि तिन्ही रूपांची नावे आजही भाषेत जिवंत आहेत.

पहिले रूप इर्जिकीचे. एखाद्या शेतकऱ्याची नांगरणी किंवा पेरणी एकट्याच्या बैलजोडीने वेळेत उरकत नसे. तेव्हा शेजारी आपापली बैले आणि अवजारे घेऊन त्याच्या शेतात येत, एका दिवसात काम हातावेगळे करीत आणि त्या घरी सर्वांची पंगत बसे. मजुरी कोणी मागत नसे आणि देतही नसे. उद्या गरज दुसऱ्याला पडली की तोच शेतकरी आपली बैले घेऊन तिकडे जाई. कायमची बैले व अवजारे एकत्र करून शेती करण्याला ‘सावड’ म्हणत. इर्जिकीत जेवण म्हणजे मोबदला नव्हे. ती यजमानाने व्यक्त केलेली कृतज्ञता होती.

दुसरे रूप सालगड्याचे. गुढीपाडव्याला साल ठरते आणि पुढच्या पाडव्याला ते संपते. ठरलेली रोख रक्कम, काही धान्य, कपडालत्ता आणि पुष्कळदा आखाड्यावर राहण्याची जागा, अशी ही बोली असते. धारापाण्यापासून रात्रीच्या राखणीपर्यंतची कामे त्याच्याकडे असतात. हा करार आहे, त्यामुळे त्यात अप्रतिष्ठेचे काही नाही. परंतु सुरुवातीस घेतलेली उचल वर्षाअखेरीस फिटली नाही, तर पुढचे साल त्याच मालकाकडे घालावे लागते आणि कराराचे हळूहळू बंधन होते.

तिसरे रूप वेठीचे. निजामाच्या राजवटीत सत्ता हाती असलेल्यांनी बोलावले की गरीब माणसाला विनामोबदला राबावे लागे; मिळालाच तर भाकरतुकडा मिळे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला. पुढे भारतीय संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीला मनाई केली आणि १९७६ च्या कायद्याने कर्जापोटी बांधून ठेवलेल्या मजुरांची कर्जे रद्द ठरवून त्यांना मुक्त केले.

बाहेरून पाहणाऱ्याला तिन्ही ठिकाणी दृश्य एकच दिसते : माणूस दुसऱ्याच्या शेतात राबतो आणि त्याच्या घरचे अन्न खातो. मग फरक कशात आहे? फरक तीन गोष्टींत आहे. काम स्वेच्छेने आहे काय? कामाला मर्यादा आहे काय? आणि मन झाले त्या दिवशी निघून जाण्याचे स्वातंत्र्य आहे काय? इर्जिकीत तिन्ही आहेत, वेठीत एकही नाही, आणि सालगड्याचे साल या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहे. शेतावर स्वयंसेवक म्हणून जाणाऱ्या मुलाने, त्याला पाठवणाऱ्या पालकांनी आणि त्याला ठेवून घेणाऱ्या शेतकऱ्याने हा नवा व्यवहार इर्जिकीच्या जवळ ठेवावा, एवढे भान राखले तर बाकीचे प्रश्न सुटू शकतात.

जैन कुटुंबांकडे हे तपासण्याचे माप पूर्वापार आहे. अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार प्रतिक्रमणात नित्य आठवले जातात : बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. श्वेतांबर परंपरेत शेवटच्याला भक्तपानविच्छेद असेही म्हणतात. शक्तीबाहेर भार लादणे आणि आपल्या आश्रयाने राहणाऱ्याचे अन्नपाणी तोडणे अथवा त्याला वेळेवर न देणे, हे दोन अतिचार सहसा बैल, घोडा अशा पशूंच्या उदाहरणाने समजावले जातात. पण आश्रित माणसांनाही ते तितकेच लागू आहेत. श्रमाच्या बदल्यात अन्न देणाऱ्या प्रत्येक घराने स्वतःला हेच दोन प्रश्न विचारावेत. भार जास्त तर होत नाही? ताट वेळेवर आणि पोटभर मिळते ना?

शेती आणि जैन धर्म यांचे नाते काय, हाही प्रश्न घरात निघतोच. प्रथम तीर्थंकर भगवान आदिनाथांनी असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही षट्कर्मे लोकांना शिकवली, असे परंपरा सांगते. त्यात कृषी वाणिज्याच्या आधी येते. उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावक हा मोठा सावकार होता आणि शेतकरीही होता. परिग्रहाचे परिमाण करताना त्याने आपली शेती पाचशे नांगरांपुरती मर्यादित केली. दुसरीकडे, पंधरा कर्मादानांमध्ये भूमी फोडण्याच्या व्यवसायाचाही समावेश आहे, हे श्रावक जाणतात. या दोहोंचा मेळ कसा घालावा, हे ज्याने त्याने आपल्या गुरूंना विचारावे. इतके मात्र खरे, की सांगली-कोल्हापूर भागातील असंख्य जैन कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या शेती करीत आली आहेत. मराठवाड्यातील व्यापारी जैनांचा शेतीशी संबंध प्रामुख्याने काट्यावर आला, एवढाच फरक.

श्रम करून अन्न-निवास मिळवण्याचा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा प्रयोग अशाच एका जैन शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या माणसाने केला. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म १८८७ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहात, एकत्र जेवत आणि स्वतः कामे करीत. ‘कमवा आणि शिका’ ही त्यांची योजना पुढे सर्वत्र प्रसिद्ध झाली. गरीब घरातील मुलाला दान घेतल्याचा संकोच वाटू नये. आपल्या हातांच्या कष्टांनी आपण शिकलो, असे त्याला म्हणता यावे, हा तिचा गाभा. वसतिगृहात मुलांना खाऊ घालायला काही उरले नाही, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, ही गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे. मुलांकडून श्रम घेणाऱ्या घराची जबाबदारी किती दूरवर जाते, हे त्या दागिन्यांवरून समजते. मुलांनी काम केले म्हणून अन्न मिळाले, हे अर्धे सत्य आहे. काम असो वा नसो, ताट रिकामे राहता कामा नये, हे दुसरे अर्धे लक्ष्मीबाईंनी आचरणातून दाखवले.

बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीचाही येथे उल्लेख करावा लागेल. मे महिन्याच्या उन्हात राज्यभरातील तरुण तेथे येतात, सकाळी श्रमदान करतात आणि उरलेला दिवस विचारविनिमयात घालवतात. ज्या कुटुंबांना मुलाला एकट्याने अनोळखी शेतावर पाठवणे जड वाटते, त्यांनी पहिली पायरी म्हणून अशा सामूहिक छावणीचा विचार करावा.

परभणीत तर या कल्पनेचे एक शैक्षणिक रूप दरवर्षी पाहायला मिळते. १८ मे १९७२ रोजी येथे कृषी विद्यापीठ स्थापन झाले. आज ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. ‘परभणी क्रांती’ भेंडी आणि ‘परभणी मोती’ ज्वारी ही या विद्यापीठाची वाणे अनेकांनी विकली आहेत आणि खाल्लीही आहेत. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षात विद्यार्थ्यांना ग्रामीण कृषी कार्यानुभव पूर्ण करावा लागतो. ठरलेले आठवडे ते गावाशी जोडलेले असतात. गावकरी त्यांना कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणतात. बीजप्रक्रिया कशी करावी, मातीचा नमुना कसा घ्यावा, निंबोळी अर्क कसा तयार करावा, हे ते शेतकऱ्यांना करून दाखवतात. आणि पाऊस लांबला की पेरणीचा निर्णय घरात कसा होतो, हे शेतकऱ्यांकडून शिकतात. चार वर्षे वर्गात शिकलेल्यालाही गावात जाणे आवश्यक मानले आहे. मग ज्याने सोयाबीन केवळ बारदान्यात पाहिले आहे, त्याची गरज किती असेल!

आता वडिलांच्या प्रश्नाकडे, म्हणजे हिशेबाकडे वळू. महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी योजनेत २०२४-२५ या वर्षी महाराष्ट्रासाठी दिवसाची मजुरी २९७ रुपये होती. आठ तासांच्या दिवसाशी प्रमाण लावले, तर पाच तासांचे सुमारे १८६ रुपये होतात. समजा, न्याहारी, चहा आणि दोन वेळचे जेवण यांचा खर्च १५० रुपये आणि अंथरूण-पांघरूण, पाणी, वीज, जागा यांचे १०० रुपये धरले. यजमानाचा दिवसाचा खर्च २५० रुपये झाला. शहरातून आलेल्या मुलाचे हात पहिल्या आठवड्यात सरावलेल्या मजुराच्या निम्मे काम करतील, म्हणजे त्याच्या पाच तासांचे मोल ९३ रुपये. यजमानाला रोज १५७ रुपयांची तूट. सात दिवसांत सुमारे १,१०० रुपये. पुढे हात पूर्ण सरावले, तरी १८६ विरुद्ध २५० हे गणित तुटीचेच राहते. घरोघरी आकडे वेगळे येतील, पण या उदाहरणावरून दोन गोष्टी समजतात.

पहिली गोष्ट अशी, की ‘फुकट राबणे’ हा शब्दप्रयोग चुकीचा आहे. पहिले काही दिवस तरी पाहुणाच यजमानाचा ऋणी असतो. तीन-चार दिवस राहून, छायाचित्रे काढून परतणारा पाहुणा शेतकऱ्याच्या चुलीवर भार टाकून येतो. जायचे असेल तर किमान दोन-तीन आठवडे राहण्याची तयारी ठेवावी.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. यजमानाने हा व्यवहार केवळ नफ्यासाठी केला, तर तो नफा मिळवण्याचा एकच मार्ग त्याच्यापुढे उरतो : पाच तासांचे आठ तास करणे. आठ तासांचे २९७ रुपये झाले की यजमानाच्या वहीत शिल्लक दिसू लागते आणि त्याच क्षणी इर्जिकीची वेठ होते. उलट पाहुण्याने स्वस्त मुक्काम एवढाच हेतू ठेवला, तर तो पाच तासांचे दोन तास करील. रुपयांत मोजून दोघांनाही फायदा व्हावा, अशी या व्यवहाराची रचनाच नाही. येथे जमेच्या बाजूला शिकवण, ओळख आणि पुढे टिकणारा जिव्हाळा लिहिला जातो. ज्याला हे जमा धरता येत नाही, त्याने सरळ पैसे देऊन राहावे किंवा मजुरी घेऊन काम करावे. त्यात प्रामाणिकपणा अधिक आहे.

ही भीती काल्पनिक नाही. ऑस्ट्रेलियात सुट्टीवर येऊन काम करणाऱ्या परदेशी तरुणांना दुसऱ्या वर्षाचा व्हिसा मिळवण्यासाठी ग्रामीण भागात ठरावीक दिवस काम करणे आवश्यक असे आणि शेतावरील विनावेतन कामही त्यात धरले जाई. व्हिसाच्या गरजेपायी तरुणांना विनावेतन राबवून घेण्याचे प्रकार घडू लागले, तेव्हा २०१५ मध्ये तेथील सरकारने विनावेतन कामाची ही गणना बंद केली. निघून जाण्याचे स्वातंत्र्य कागदावर होते; व्यवहारात व्हिसाची दोरी गळ्यात होती. परदेशी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अनेक देशांत भोजन-निवासाच्या बदल्यातील शेतकाम हे कायद्याने ‘काम’च समजले जाते आणि पर्यटन व्हिसावर ते करता येत नाही. जाण्यापूर्वी त्या देशाचे नियम पाहणे अनिवार्य आहे.

परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, गंगाखेड येथील व्यापारी कुटुंबांसाठी एक पथ्य सर्वांत महत्त्वाचे आहे. ज्या शेतकऱ्याचे खाते आपल्या दुकानात आहे, ज्याच्याकडे उचल बाकी आहे किंवा ज्याचा माल आपल्या अडतीवर येतो, त्याच्या शेतावर आपल्या मुलाला पाठवू नये. तो शेतकरी नाही म्हणणार नाही, कारण त्याला नाही म्हणता येणार नाही. सेठजींच्या मुलासाठी तो घरातील चांगली खोली रिकामी करील, उसनवारी करून गोडधोड करील आणि मुलाच्या हाती खुरपे देणार नाही. पाहुण्याची इच्छा आहे, पण यजमानाची इच्छा दडपली गेली, तर तीही एक प्रकारची वेठच; फक्त तिची दिशा उलटी. म्हणून शेत असे निवडावे, जेथे आपल्या आडनावाचे वजन पोहोचत नाही.

दुसरे पथ्य मजुराविषयी. पाहुण्याच्या येण्याने गावातील कोणाचा रोज बुडता कामा नये. खुरपणीला येणाऱ्या बायांना त्या आठवड्यात ‘येऊ नका’ असा निरोप गेला, तर पाहुण्याने खाल्लेली भाकरी दुसऱ्याच्या ताटातून आली असे होईल. पाहुण्याने मजुरांच्या बरोबरीने काम करावे, त्यांच्या जागी नव्हे. बियाणे निवडणे, रोपवाटिका सांभाळणे, गोठा झाडणे, कंपोस्टचा ढीग लावणे, शेतकऱ्याच्या जमाखर्चाची वही नीट लिहून देणे, अशी कितीतरी कामे घरातील माणसांच्या वेळेअभावी राहून जातात. वाणिज्य शाखेच्या मुलाला तर शेवटचे काम उत्तम जमेल. एका एकराला बियाणे, खत, मजुरी, मळणी आणि वाहतूक यांवर किती खर्च झाला आणि पट्टी किती हाती आली, हे एका पानावर मांडून दिले, तर शेतकऱ्यालाही ते उपयोगी पडेल आणि लिहिणाऱ्याला मोंढ्यातील भावाच्या मागे काय उभे आहे ते दिसेल.

आईच्या काळजीचे उत्तर ऋतूत आहे. आषाढ ते कार्तिक हा चातुर्मासाचा काळ. पावसाळ्यात जीवजंतूंची उत्पत्ती अधिक असते आणि शेतात नेमकी तेव्हाच खुरपणी-कोळपणी चालते. रस्ते चिखलाचे असतात, सर्पदंशाचा धोकाही वाढतो. कार्तिकी पौर्णिमेनंतर साधू-साध्वींचा विहार सुरू होतो, तीच वेळ शेतावर जाण्यासही योग्य ठरते. तेव्हा कापसाची वेचणी चालू असते. बोंडातून कापूस काढताना झाड उपटावे लागत नाही. पुढे तूर काढणीला येते, ज्वारी हुरड्यात येते. नेमगिरी आणि नवागड या तीर्थांना जाणारी कुटुंबे वाटेत हीच काळ्या जमिनीची शेते खिडकीतून पाहात असतात.

आहाराचे नियम आधीच स्पष्ट सांगावेत. कंदमुळे चालत नाहीत, कांदा-लसूण नको, सूर्यास्तापूर्वी भोजन, गाळलेले पाणी, यांपैकी जे पाळले जाते ते यजमानीणबाईंना पहिल्याच बोलण्यात कळवावे. ज्वारीची भाकरी, बिनकांद्याचे पिठले, तुरीचे वरण, शेंगदाण्याची चटणी, ताक ही मराठवाड्याच्या घरची नित्याची ताटे आहेत. त्यांत फारशी अडचण येत नाही. मात्र एका पाहुण्यासाठी तिने दुसरी चूल पेटवावी, ही अपेक्षा चुकीची. भाजी निवडणे, भांडी घासणे, पाणी गाळणे हे पाहुण्याने स्वतः करावे. मुलगा असला तरी. शेतकामाचे पाच तास आणि स्वयंपाकघरातील बाईचे श्रम यांची गणना वेगवेगळी असते आणि दुसरी बहुधा कोणीच करीत नाही.

सुरक्षिततेची काही बंधने निरपवाद असावीत. कीटकनाशकाची फवारणी पाहुण्याने करू नये. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे विसरू नये; आणि अहिंसेच्या दृष्टीनेही ते काम श्रावकाचे नव्हे. कृषिपंपाची वीज पुष्कळदा रात्रीच्या पाळीत येते. रात्री पाणी देण्यास पाहुण्याने एकटे जाऊ नये. मळणीयंत्राजवळ सैल कपडे आणि ओढणी घालून उभे राहू नये. मुलगी जाणार असेल तर दोघींनी मिळून जावे, त्या घरातील स्त्रियांशी आईने स्वतः बोलावे, स्वतंत्र खोली, कडी आणि स्वच्छतागृह आहे की नाही हे पाहून यावे. अठरा वर्षांखालील मुलांना पालकांशिवाय पाठवू नये. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाख रुपयांचे अपघात संरक्षण मिळते; बचत खाते असलेल्या १८ ते ७० वर्षे वयाच्या प्रत्येकाला ते घेता येते. पाहुण्याचा विमा उतरवावाच, आणि यजमानाच्या घरातील कोणाचा राहिला असेल तर तो अर्ज भरण्यास मदत करावी. इतकी परतफेड पहिल्याच दिवशी करता येते.

या सर्वांचा एक कागद करावा. त्यात येण्या-जाण्याच्या तारखा, रोजचे तास, आठवड्याची सुट्टी, कोणती कामे करायची, कोणती नाहीत, जेवणाच्या वेळा, आजारपणात काय, आणि कोणत्याही बाजूने एका दिवसाच्या सूचनेवर हा व्यवहार थांबवता येईल, हे स्पष्ट मराठीत लिहावे. कागद केल्याने अविश्वास दिसतो, असे काहींना वाटते. व्यापाऱ्याला तरी तसे वाटू नये. चिठ्ठीवर मांडलेला सौदा पुढचा वाद टाळतो, हे त्याला चांगले ठाऊक असते.

शेवटी या विषयाची दुसरी बाजू. मराठवाड्यातील अनेक जैन व्यापारी कुटुंबांची स्वतःची जमीन आहे. कोणी ती बटईने दिली आहे, कोणी सालगडी ठेवून करतात. मुलगा महिनाभर दुसऱ्याच्या आखाड्यावर राहून परत आला की तो आपल्या शेतातील आखाडाही पाहायला जाईल. सालगड्याच्या खोलीचे पत्रे गळतात काय, त्याच्या कुटुंबाला स्वच्छतागृह आहे काय, त्याला आठवड्याची सुट्टी मिळते काय, गेल्या पाडव्याची उचल याही पाडव्याला का फिटली नाही, असे प्रश्न तो विचारील. दुकानातील हमालाच्या पाठीवरील पोत्याकडेही त्याची नजर जाईल. हे प्रश्न वडीलधाऱ्यांना अवघड वाटतील. परंतु अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध हे शब्द ज्या घरात प्रतिक्रमणात रोज उच्चारले जातात, त्या घराला हे प्रश्न परके नाहीत. मुलाला शेतावर पाठवायचे की नाही हे ठरवताना, तो परतल्यावर त्याला उत्तर देण्याची आपली तयारी आहे काय, याचाही विचार कुटुंबाने करावा. तयारी असेल तर खुशाल पाठवावे. नसेल तर मुलाला थांबवून, आधी आपल्या आखाड्यावर जाऊन यावे.